सगळ्या किडींवर एकच औषध? आधी कीड ओळखू या

'घरात दीड वर्षाची मुलगी आहे आणि एक मांजर. म्हणून विकतची कीटकनाशकं आणायची नाहीत असं आम्ही ठरवलंय. पण गॅलरीतल्या जास्वंदीच्या आणि मिरचीच्या शेंड्यांवर हिरवे-काळे बारीक किडे गच्च बसलेत, पानं चिकट झालीत, खोडावरून मुंग्यांची रांग सतत चालू असते. कुंड्यांभोवती चिलटं उडतात. स्वयंपाकघरात मुंग्या आहेत आणि रात्री दिवा लावला की छोटी झुरळं पळतात. डिटर्जंट पावडर आणि कापूर पाण्यात कालवून झाडांवर फवारलं. किडे थोडे कमी झाले, पण पानांच्या कडा करपल्या. शेजारच्या काकांनी तंबाखूचं पाणी सांगितलं, ते बाटलीत भरून ठेवलंय, अजून वापरलेलं नाही. सगळ्यावर चालेल असं एकच घरगुती, निर्धोक मिश्रण सांगाल का? आणि फवारल्यावर मिरच्या किती दिवसांनी खायच्या?'

ताई, बाकीचं उत्तर सावकाश वाचा, पण ती तंबाखूच्या पाण्याची बाटली आत्ता उठून रिकामी करा. हातात रबरी मोजे घालून ते पाणी संडासात ओता, वर भरपूर पाणी सोडा आणि बाटली फेकून द्या. ती धुऊन पुन्हा वापरू नका. तंबाखूतलं निकोटिन पाण्यात सहज उतरतं आणि नुसत्या त्वचेतूनही अंगात भिनतं. तंबाखूच्या शेतात ओली पानं तोडणाऱ्या मजुरांना मळमळ, उलट्या, चक्कर असा त्रास होतो, तो तंबाखू तोंडात न घालता, केवळ ओल्या पानांच्या स्पर्शाने होतो. दीड वर्षाच्या मुलीला याचे काही घोटसुद्धा जिवावर बेतू शकतात, आणि मांजर तर अंगावर पडलेलं सगळं चाटूनच साफ करतं. शिवाय तुमच्याकडे मिरची आहे. मिरची, टोमॅटो, वांगं आणि तंबाखू ही एकाच कुळातली झाडं. तंबाखूवरचा मोझॅक विषाणू वाळलेल्या पानातही टिकून राहतो आणि मिरचीला लागू शकतो. तो एकदा लागला की त्यावर कुठलाच उपाय नाही, झाड उपटावं लागतं. काकांनी आपुलकीने सांगितलं असणार आणि जुन्या काळी हे पाणी वापरलं जायचं हेही खरं आहे. पण तेवढ्यावरून ते घरात ठेवण्याजोगं ठरत नाही.

कापराचंही तसंच. कापूर पोटात गेला तर लहान मुलांना झटके येऊ शकतात, आणि त्यासाठी फार कापूर लागत नाही. झाडावर तर त्याचा उपयोग नाहीच. घरात कापूर असेल तर तो बंद डब्यात, उंचावर ठेवा.

आता तुमचा मूळ प्रश्न. सगळ्यावर चालणारं एकच मिश्रण नसतं, आणि ते का नसतं हे एकदा लक्षात आलं की अर्धं काम सोपं होतं. मावा मऊ अंगाचा असतो आणि एका जागी बसून रस शोषतो. त्याला साबणाचं पाणी पुरतं. मुंगी वारुळासाठी, राणीसाठी काम करते, म्हणून समोर दिसणाऱ्या दहा मुंग्या मारून काहीच होत नाही. झुरळ रात्री फटीतून बाहेर येतं, त्याला फटीतच गाठावं लागतं. चिलटांची पिल्लं तर कुंडीच्या मातीत असतात आणि आपण हवेत फवारत बसतो. जो उपाय या चौघांनाही हमखास मारेल, तो तुमच्या मुलीला आणि मांजराला निर्धोक असणं कठीणच. घरगुती उपाय सौम्य असतात ते नेमक्या जागी, नेमक्या किडीवर वापरले जातात म्हणून.

झाडांपासून सुरुवात करू, कारण तिथे तुम्हाला लवकर यश येईल.

तुम्ही वर्णन केलेले किडे म्हणजे मावा. पानं चिकट होणं आणि खोडावर मुंग्यांची रांग, ही त्याची नेहमीची खूण. मावा झाडाच्या रसवाहिनीत सोंड खुपसून बसतो. त्या रसात साखर भरपूर आणि त्याला हवी ती प्रथिनं कमी, म्हणून तो खूप रस पितो आणि जादा साखर चिकट थेंबांच्या रूपात मागून बाहेर टाकतो. याला चिकटा म्हणतात. खालच्या पानांवर तो साचतो, पुढे त्यावर काळी बुरशी धरते आणि पान काजळी लागल्यासारखं दिसतं. मुंग्या येतात त्या या गोड थेंबांसाठी. त्या झाडाला चावत नाहीत, पण माव्याची राखण करतात. माव्याला खाणारे कीटक आले की मुंग्या त्यांना हुसकून लावतात. गाई राखणाऱ्या गुराख्यासारखंच हे नातं आहे. म्हणून मुंग्या चालू ठेवून माव्यावर कितीही फवारलंत, तरी तो परत येणार. तुमच्या पत्रात मुंग्या आणि मावा या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, पण झाडावर ती एकच गोष्ट आहे.

मावा इतक्या झपाट्याने का वाढतो तेही सांगते. उबदार हवेत माव्याच्या माद्या नराशिवायच पिल्लं देतात, तीही जिवंत, अंडी न घालता. ती पिल्लं आठवडा-दहा दिवसांत स्वतः पिल्लं द्यायला लागतात. एकदा फवारून पंधरा दिवस विसरलात, तर शेंडा पुन्हा भरलेला दिसेल. औषध निकामी होतं असं नाही, दोन फवारण्यांतलं अंतर चुकतं.

पहिला उपाय साधं पाणी. सकाळी शेंडा एका हाताने धरून, कोवळी फूट मोडणार नाही इतक्या जोराने पानांच्या खालच्या बाजूने पाण्याची धार मारा. खाली पडलेला मावा सहसा झाडावर परत चढू शकत नाही, त्याची सोंड तुटलेली असते किंवा वाटेत तो कोणाच्या तरी तोंडी पडतो. दोन-तीन दिवसांआड असं तीन-चारदा करा. झाडं थोडी असतील तर एवढ्यानेच बरंच काम होतं. ज्या शेंड्यांवर मावा फारच दाटलाय, ते सरळ छाटून पिशवीत बांधून टाका.

उरलेल्यासाठी साबण. इथेच तुमचं गणित चुकलं होतं. कपड्यांच्या डिटर्जंट पावडरमध्ये सोड्यासारखे तीव्र क्षार आणि डाग काढणारी रसायनं असतात. ती पानावरचं मेणाचं आवरण काढून टाकतात, मग पानातलं पाणी उडतं आणि कडा करपतात. कापराने त्यात भरच घातली असणार. करपलेली पानं पुन्हा हिरवी होणार नाहीत, पण झाडं वाचतील. एकदा स्वच्छ पाण्याने सगळी पानं धुऊन काढा आणि आठवडाभर त्यांच्यावर काहीही मारू नका, खतसुद्धा घालू नका. शेंड्याला नवी फूट दिसली की समजा झाड सावरलं.

झाडांसाठी सर्वांत चांगला साबण पोटॅशियमचा, म्हणजे तेलापासून केलेला मऊ साबण. तो बागेच्या सामानात तयारही मिळतो. तो नसेल तर रंग, वास, ब्लीच नसलेला साधा अंगाचा साबण किसून, ५ ग्रॅम साबण एक लिटर गरम पाण्यात विरघळवून गार करा. भांड्यांचा द्रव साबण हाही खरं तर सौम्य डिटर्जंटच असतो. नाइलाजाने वापरलात तर एका लिटरला चहाचा एक सपाट चमचा, म्हणजे ५ मिलीलिटर, त्याहून थेंबभर जास्त नको. पाणी जड असेल तर साबणाची साय धरते आणि परिणाम घटतो, अशा वेळी उकळून गार केलेलं किंवा पावसाचं पाणी घ्या. आधी दोन-तीन पानांवर मारून दोन दिवस वाट पाहा. पानांवर डाग आले नाहीत तरच पूर्ण झाडावर फवारा.

साबण किड्याच्या अंगावर ओला असेपर्यंतच काम करतो. तो त्याच्या अंगावरचं मेण उतरवतो, पेशींची आवरणं फोडतो, श्वासाची छिद्रं बुजवतो. वाळला की संपलं. म्हणून पानांच्या पाठी, शेंड्यांच्या बेचक्या, कळीचे देठ असे शोधून शोधून ओले करायचे. वरून तुषार उडवून भागत नाही. ऊन उतरल्यावर फवारा म्हणजे साबण लगेच वाळत नाही, पानं भाजत नाहीत आणि मधमाश्याही परतलेल्या असतात. उमललेल्या फुलांवर मात्र कधीच मारू नका. तासा-दोन तासांनी साध्या पाण्याने पानं धुतलीत तर कोवळ्या पानांना त्रास होत नाही. पाच-सहा दिवसांच्या अंतराने अशा तीन फवारण्या लागतात.

मुंग्यांसाठी खोडाभोवती कागदी चिकटपट्टीचा पट्टा गुंडाळा आणि त्यावर व्हॅसलीनचा थर लावा. व्हॅसलीन थेट सालीला लावू नका. कुंडी भिंतीला किंवा कठड्याला टेकलेली असेल तर पुढे सरकवा, नाहीतर मुंग्या फांदीवरून पूल करतात. एक-दोन दिवसांत फरक दिसेल.

आणि मग थोडं थांबा. हे मला अगदी मनापासून सांगायचंय, कारण घरगुती उपाय करणारेही सगळ्यांत जास्त नुकसान इथेच करतात. माव्याच्या गर्दीत तुम्हाला एखादी करडी-काळी, नारिंगी ठिपक्यांची, मगरीसारख्या लांबोड्या अंगाची, भराभर चालणारी अळी दिसेल. बघून किळस येते आणि हात लगेच चिरडायला जातो. तीच लेडीबर्डची, म्हणजे आपल्या ओळखीच्या लाल ठिपकेदार ढालकिड्याची, अळी असते. ढालकिडा एका दिवसात पन्नासेक मावे फस्त करू शकतो आणि त्याची अळीही तितकीच खादाड असते. केसासारख्या बारीक देठावर टांगलेली पांढुरकी अंडी दिसली तर ती क्रायसोपाची, हिरवट, जाळीदार पंखांच्या एका नाजूक कीटकाची. त्याच्या अळ्याही मावा खातात. आणि काही मावे फुगून, तपकिरी, कागदासारखे कोरडे होऊन पानाला चिकटलेले दिसतील. त्यांच्या पोटात एका अतिशय लहान गांधीलमाशीने अंडं घातलेलं असतं आणि आत तिचं पिल्लू वाढत असतं. असे तपकिरी मावे असलेलं पान तोडू नका, धुऊ नका. साबणाला मित्र-शत्रू कळत नाही, म्हणून फवारण्याआधी प्रत्येक शेंडा डोळ्यांनी तपासा. मोबाईलच्या कॅमेऱ्यात मोठं करून पाहिलं तरी पुरतं.

कडुनिंबाचं तेल तुम्ही विचारलं नाहीत, पण कोणीतरी सुचवेलच, म्हणून लिहिते. १९५९ साली हाइनरिख श्मुटेरर या जर्मन कीटकशास्त्रज्ञाने सुदानमध्ये पाहिलं की टोळधाडीने सगळी हिरवळ फस्त केली, पण कडुनिंबाची झाडं हिरवीच राहिली. पुढे १९६८ मध्ये निंबोळीतून अझाडिरॅक्टिन हे द्रव्य वेगळं काढण्यात आलं. ते कीटकाला जागच्या जागी मारत नाही. त्याची खाण्यावरची वासना उडते आणि कात टाकायची क्रिया बिघडते, त्यामुळे पिल्लं मोठी होऊ शकत नाहीत. परिणाम दिसायला चार-आठ दिवस लागतात. लोक दुसऱ्याच दिवशी 'काही होत नाही' म्हणून प्रमाण दुप्पट करतात आणि पानं भाजून घेतात. उन्हात ते लवकर विघटित होतं, म्हणून तेही संध्याकाळीच मारायचं. एक लिटर कोमट पाण्यात आधी पाव-अर्धा चमचा द्रव साबण, मग ५ मिलीलिटर तेल, नीट घुसळून, आणि त्याच दिवशी संपवायचं. हवा फार तापलेली असेल, झाड कोमेजलेलं किंवा तुमच्यासारखं नुकतंच करपलेलं असेल, तर नको. दुसरी सावधगिरी जास्त महत्त्वाची आहे. कडुनिंबाचं तेल लहान बाळांच्या पोटात गेल्यामुळे झटके आणि मेंदूला इजा झाल्याची उदाहरणं वैद्यकीय नोंदींत आहेत. औषधी म्हणून ते चमच्याने पाजायची वस्तू नाही. बाटली कुलपात ठेवा. साबणानेच काम होत असेल तर तुमच्या घरात मी हे तेल आणणारही नाही.

लसूण-मिरचीचं पाणी? माव्याला ते थोडं दूर ठेवतं, मारत नाही, आणि एका पावसाने धुऊन जातं. पण फवारताना उडालेला तुषार मुलीच्या किंवा मांजराच्या डोळ्यांत गेला तर फार हाल होतात. सोडून द्या. व्हिनेगर आणि मीठही झाडांपासून लांब ठेवा. व्हिनेगर पानं भाजतं आणि मीठ कुंडीच्या मातीत साचून मुळांना मारतं.

कुंडीतली चिलटं ही जास्त पाण्याची तक्रार आहे. ती ओल्या, कुजक्या मातीच्या वरच्या थरात अंडी घालतात आणि अळ्या तिथेच बुरशीवर जगतात. वरची दोन-तीन सेंटिमीटर माती पूर्ण कोरडी होईपर्यंत पाणी घालू नका. खात्री करायची असेल तर कच्च्या बटाट्याची चकती मातीवर ठेवा. दोन-तीन दिवसांनी उलटून पाहिलीत तर काळ्या डोक्याच्या पारदर्शक अळ्या तिला चिकटलेल्या दिसतील, चकतीसकट टाकून द्या. उडणाऱ्यांसाठी पिवळा चिकट कागद कुंडीत खोचा. त्यांचं जीवनचक्र तीन-चार आठवड्यांचं असतं, तेवढा धीर धरावा लागेल. आणि कुंडीखालच्या ताटल्या दर आठवड्याला रिकाम्या करून घासा. नुसतं पाणी ओतून भागत नाही, कारण डेंग्यू पसरवणाऱ्या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरडी असतानाही महिनोन्‌महिने तग धरतात आणि पाणी मिळालं की फुटतात.

आता स्वयंपाकघर. मुंग्यांची रांग दिसली की पुसून टाकण्याआधी ती कुठून येते ते पाहा. पुढे गेलेल्या मुंगीने सोडलेल्या वासाच्या रेषेवरून बाकीच्या चालतात. कोरड्या फडक्याने मुंग्या झटकल्या तरी ती रेषा तशीच राहते आणि तासाभरात रांग पुन्हा लागते. साबणाच्या पाण्याने ओटा, भिंत, फरशी पुसा, मुंग्याही मरतील आणि रेषाही पुसली जाईल. मग फट बुजवा, सिलिकॉनने किंवा पांढऱ्या सिमेंटने. दालचिनी, लिंबाचं साल, कॉफीचा चोथा यांनी रांग वळते, थांबत नाही.

रांग रोजच येत असेल तर आमिष लागतं. दोन कप कोमट पाणी, दहा चहाचे चमचे साखर आणि एक सपाट चहाचा चमचा बोरिक पावडर. हे साधारण एक टक्क्याचं द्रावण होतं आणि ते मुद्दामच इतकं पातळ ठेवायचं. जास्त घातलं तर कामकरी मुंगी वाटेतच मरते आणि राणीपर्यंत काही पोहोचत नाही. पातळ असलं की ती पोटभर पिऊन वारुळात जाते आणि इतरांना भरवते. कापसाचा बोळा त्यात भिजवून झाकणाला बारीक भोकं पाडलेल्या डबीत ठेवा. पहिले दोन दिवस मुंग्या वाढलेल्या दिसतील. त्यांना मारू नका, जवळ साबण किंवा कुठलाही फवारा मारू नका, म्हणजे आमिष जिथे ठेवलंय तिथली रांग पुसूही नका. आठवडा-दोन आठवडे जाऊ द्या.

पण हे वाचताना एक अट डोळ्यांसमोर ठेवा. बोरिक पावडर कॅरमबोर्डावर टाकायची पावडर म्हणून घरोघरी इतकी ओळखीची आहे की ती विषारी आहे हेच विसरलं जातं. लहान मुलांना ती बाधते. डबी फ्रिजच्या मागे, ओट्याखालच्या कुलूपबंद कपाटात किंवा मुलीचा हात आणि मांजराचं तोंड जाणार नाही अशा जागी ठेवता येत असेल तरच करा. अशी जागा नसेल तर बोरिकचा विचार सोडा आणि साबण व फटी बुजवणं यावरच भागवा. थोडा वेळ लागेल, पण चालेल. उरलेलं द्रावण ओतून द्या. सरबतासारखं दिसणारं गोड पाणी बाटलीत भरून ठेवायचं नाही. मुंग्यांचा खडू तर मुळीच नको. दिसायला तो शाळेतला खडू असला तरी त्यात तीव्र कृत्रिम कीटकनाशक असतं आणि मुलं तो हातात घेऊन तोंडात घालतात.

झुरळांबद्दल मला जास्त काळजी आहे, कारण तुम्ही 'छोटी' लिहिलंय. फिकट तपकिरी, डोक्यामागे दोन गडद उभ्या रेघा असतील तर ते जर्मन झुरळ. ते मोरीतून येत नाही, तुमच्या स्वयंपाकघरातच राहतं आणि वाढतं. मादी तीस-चाळीस अंड्यांची पुडी फुटायच्या बेतापर्यंत शेपटाशी घेऊन फिरते, म्हणून एक मादी सुटली तरी महिन्याभरात पुन्हा सुरुवात होते. त्यांची विष्ठा आणि पडलेली कात घरातल्या धुळीत मिसळते आणि लहान मुलांचा दमा त्याने बळावतो. त्यामुळे याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही.

पहिलं काम, रात्री दिवे बंद करून तासाभराने टॉर्च घेऊन जा आणि पाहा ती कुठे पळतात. फ्रिजच्या मोटरजवळ, सिंकखालच्या पाइपाभोवती, कपाटाच्या बिजागरीत, भिंतीवरच्या घड्याळामागे. दोन्ही बाजूंनी अंगाला टेकणारी अरुंद, उबदार फट त्यांना आवडते. चिकट सापळे लावलेत तर कुठे जास्त आहेत हे दोन रात्रींत कळेल. दुसरं, पाणी तोडा. अन्नाविना ती कित्येक दिवस काढतात, पाण्याविना त्यांचा निभाव लागत नाही. गळका नळ दुरुस्त करा, झोपण्याआधी सिंक कोरड्या फडक्याने पुसा, ओलं फडकं आणि स्पंज बाहेर टाकून ठेवू नका, मांजराची पाण्याची वाटी रात्री स्वयंपाकघरातून हलवा. तिसरं, घरात साठवलेले पुठ्ठ्याचे खोके काढून टाका, त्यांच्या घड्यांत झुरळं मजेत राहतात. समोर दिसलेल्या झुरळावर साबणाचं दाट पाणी फवारा. त्याची श्वासाची छिद्रं अंगाच्या बाजूंना असतात, ती बुजतात आणि ते मरतं, कुठलंही विष न वापरता.

यावर बोरिक पावडरही चांगली चालते, पण तिचा ढीग नाही घालायचा. ढीग पाहून झुरळ वळसा घालून जातं. डोळ्यांना जेमतेम दिसेल इतका पातळ थर, फक्त बंद फटींत, कपाटाच्या मागच्या पोकळीत. पायांना लागलेली पावडर ते स्वच्छता करताना चाटतं आणि काही दिवसांत मरतं. कोरडी राहिली तर ती दीर्घकाळ काम करते, ओली झाली की उपयोग जातो. उघड्या जमिनीवर, ओट्यावर, मुलगी रांगते-चालते तिथे अजिबात नाही. टाकताना तोंडाला फडकं बांधा. खाण्याचा सोडा आणि साखर हे मिश्रण निर्धोक आहे म्हणून बरेच जण सुचवतात, पण एवढ्या झुरळांना ते पुरं पडत नाही.

आठ-दहा आठवडे हे नेटाने करूनही झुरळं दिवसाढवळ्या दिसत राहिली, तर हट्ट सोडा. जाणकार माणसाकडून फटींमध्ये झुरळं मारणाऱ्या जेलचे बारीक ठिपके लावून घ्या. संपूर्ण घरात फवारा मारून घेण्यापेक्षा आणि तुम्ही बाटल्याच्या बाटल्या नव्या मिश्रणांच्या करण्यापेक्षा, तुमच्या मुलीसाठी ते कितीतरी सुरक्षित आहे. विकतचं ते सगळं वाईट ही रेघ इतकी सरळ नाही. ढेकूण आणि वाळवी यांच्या बाबतीतही घरगुती उपायांत वेळ घालवू नका. ढेकणांसाठी कपडे-चादरी ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुणं तेवढं कामी येतं. गादीवर रॉकेल किंवा स्पिरिट ओतण्याने आगी लागतात.

मांजरासाठी एक. टी ट्री, निलगिरी, पुदिना, लवंग अशी सुगंधी तेलं किडे पळवायला म्हणून जमिनीवर शिंपडू नका, हवेतही सोडू नका. ही द्रव्यं शरीराबाहेर टाकायची यकृताची एक महत्त्वाची यंत्रणा मांजरांत फार क्षीण असते. माणसाला सुखद वाटणारं प्रमाण त्यांना विषारी ठरू शकतं. आणि सिंक साफ करताना ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा अमोनिया कधीही मिसळू नका, दोन्हींतून विषारी वायू निघतो. सोडा आणि व्हिनेगर एकत्र केल्याने फेस दिसतो खरा, पण दोघं एकमेकांना निष्प्रभ करतात. सिंकच्या पाइपातली घाण ब्रशने घासूनच निघते.

राहिला मिरच्यांचा प्रश्न. साबणाच्या पाण्याची फवारणी केली असेल तर दुसऱ्या दिवशी तोडून वाहत्या पाण्यात चोळून धुतल्या की चालतील. कडुनिंबाचं तेल वापरलंत तर तीन-चार दिवस जाऊ द्या आणि मग तशाच धुऊन घ्या. डिटर्जंट आणि कापूर पडलेल्या ज्या मिरच्या आत्ता झाडावर आहेत, त्या मात्र सगळ्या काढून टाका. झाडावरचा भारही कमी होईल आणि नवी फूट लवकर येईल.